पी५३ नसलेल्या पेशींतही ५३ किलोडाल्टनचा बँड दिसत असेल तर काय तपासावे

पेशींची अनियंत्रित वाढ रोखणाऱ्या मानवी पी५३ प्रथिनासाठी डीओ-१ ही मोनोक्लोनल (एकच ठरावीक जागा ओळखणारी) अँटिबॉडी वापरणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेन या पातळ पटलावर उतरवून अँटिबॉडीने शोधण्याची रीत) व्यवस्थित उमटतो, पी५३ असलेल्या एमसीएफ-७ पेशींच्या लेनमध्ये, म्हणजे त्या नमुन्याच्या उभ्या पट्ट्यात, अपेक्षित जागी बँड (प्रथिनाची आडवी रेघ) येतो, पण शेजारी मुद्दाम ठेवलेल्या एच१२९९ किंवा साओस-२ पेशींच्या लेनमध्ये, जिथे काहीच यायला नको, तिथेही त्याच उंचीवर बँड दिसतो. या दोन्ही पेशींच्या जनुकसंचात पी५३ चे जनुक तुटलेले असल्यामुळे त्यांच्यात हे प्रथिन तयारच होत नाही, आणि म्हणून हा बँड पाहणारा बहुतेक वेळा थेट निष्कर्ष काढतो की अँटिबॉडी विशिष्ट नाही किंवा कुपी खराब आली आहे. मग नवी कुपी मागवली जाते आणि नव्या कुपीनेही तोच बँड दिसतो. आमच्या प्रयोगशाळेत हे दोनदा घडले, दोन्ही वेळा कारण वेगळे निघाले आणि दोन्ही वेळा अँटिबॉडी निर्दोष होती. म्हणूनच हा तपास कोणत्या क्रमाने करावा हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

आधी अपेक्षा नक्की करून घेणे आवश्यक आहे. पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन असून त्याचे हिशेबाने येणारे वस्तुमान ४३.७ किलोडाल्टनच्या आसपास आहे, परंतु त्यातील प्रोलिनबहुल भागामुळे ते एसडीएस जेलवर (प्रथिने वस्तुमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) मंद धावते आणि ५३ च्या जवळ दिसते. त्याचे नावही या दिसण्यावरूनच पडले आहे. १९७९ साली या प्रथिनाचा शोध लागला आणि प्रथिने जेलवरून नायट्रोसेल्युलोजवर उतरवण्याची रीतही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योगायोग मला नेहमीच विलक्षण वाटतो. डीओ-१ ही उंदराची आयजीजी-२ए प्रकारची (आयजीजी या अँटिबॉडी-वर्गाच्या एका उपप्रकाराची) अँटिबॉडी आहे आणि ती पी५३ च्या सुरुवातीच्या टोकाकडील २० ते २५ या अमिनो आम्लांचा तुकडा ओळखते. एमडीएम२ हे प्रथिन पी५३ ला जिथे धरते तीच ही जागा. उंदराचे पी५३ मात्र ती ओळखत नाही. यातील प्रत्येक तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, विशेषतः अँटिबॉडीचा उपप्रकार, ज्याकडे माहितीपत्रक वाचताना सर्वांत कमी लक्ष जाते.

खरा प्रश्न असा की ५० ते ५५ किलोडाल्टन हा पट्टा वेस्टर्न ब्लॉटमधील सर्वांत गजबजलेला भाग आहे. आल्फा आणि बीटा ट्युब्युलिन तिथेच धावतात. आयजीजीची जड साखळी सुमारे ५० किलोडाल्टनची, म्हणजे तीही तिथेच. त्वचेवरून आणि धुळीतून नमुन्यात शिरणाऱ्या केराटिनांपैकी काही याच परिसरात येतात. त्यात आधीच रंगवलेल्या वस्तुमान-मार्करमध्ये रंगाच्या रेणूंमुळे काही किलोडाल्टनचा फरक पडलेला असतो, त्यामुळे ‘बरोबर ५३ वर आहे’ हे विधान मार्करच्या आधारे करणे मुळातच धोक्याचे आहे. बँडची उंची मार्करशी ताडू नये, तर त्याच जेलवर चालवलेल्या खात्रीच्या पी५३ शी ताडावी. एमसीएफ-७ पेशींना नटलिन-३ किंवा डॉक्सोरुबिसिन ही औषधे देऊन पी५३ वाढवलेला लायसेट (पेशी फोडून काढलेला द्रव) यासाठी उत्तम, कारण न दिलेल्या आणि दिलेल्या पेशी शेजारी ठेवल्या की कोणता बँड वाढला हे डोळ्यांनी दिसते. पी५३ एरवी पेशीत फार थोडे असते, एमडीएम२ त्याला सतत मोडीत काढत असते. नटलिनने ही पकड सुटली की काही तासांत त्याचे प्रमाण ठळकपणे वाढते.

आमच्या पहिल्या प्रसंगात हीच गोष्ट समोर असूनही नजरेतून सुटली होती. ब्लॉटवर सहा लेन होत्या: एमसीएफ-७ औषधाशिवाय आणि औषधासह, एचसीटी११६ (याही पी५३ असलेल्या) तशाच दोन आणि एच१२९९ तशाच दोन. सहाही लेनमध्ये बँड होता. एमसीएफ-७ आणि एचसीटी११६ मध्ये औषध दिल्यावर तो जाड झाला होता, म्हणून सर्वांचे समाधान झाले आणि एच१२९९ मधील बँडचा दोष अँटिबॉडीवर टाकला गेला. परंतु बारकाईने पाहिले असता, औषध न दिलेल्या एमसीएफ-७ मधील बँड आणि एच१२९९ मधील दोन्ही बँड यांची जाडी जवळजवळ सारखी होती, आणि औषध दिलेल्या एमसीएफ-७ मधील जाड बँडच्या खालच्या कडेला एक अगदी बारीक दुसरी रेघ होती. म्हणजे दोन बँड एकमेकांवर बसले होते. एक औषधाला प्रतिसाद देणारा आणि दुसरा कशालाही प्रतिसाद न देता सहाही लेनमध्ये सारखाच. सहा वेगवेगळ्या नमुन्यांत सारखाच राहणारा बँड पाहिला की पहिला संशय लोडिंग कंट्रोलवर (सर्व लेनमध्ये नमुना सारखाच चढला हे पाहण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या मुबलक प्रथिनावर) जायला हवा.

वहीत मागे जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. ज्या दिवशी मेम्ब्रेन तयार झाली त्या दिवशी डीओ-१ ची कुपी आलेली नव्हती, म्हणून वेळ वाया जाऊ नये या हेतूने ती आधी आल्फा ट्युब्युलिनच्या अँटिबॉडीने तपासली गेली, स्ट्रिप केली गेली (म्हणजे लावलेली अँटिबॉडी बफरने काढून टाकली गेली) आणि फ्रिजमध्ये ठेवली गेली. चार दिवसांनी तिच्यावर डीओ-१ लावली. ट्युब्युलिनची अँटिबॉडी उंदराची, डीओ-१ उंदराची आणि सेकंडरी (प्रायमरीला, म्हणजे प्रथिन शोधणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीला, चिकटून ती दाखवणारी) म्हणून वापरलेली उंदराच्या आयजीजीविरुद्धची, एचआरपी हे एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी या दोघींना सारखीच चिकटणारी. स्ट्रिपिंगमध्ये ट्युब्युलिनची अँटिबॉडी पूर्ण निघाली नव्हती. जे उरले होते त्यावर नवी सेकंडरी बसली आणि ट्युब्युलिन पी५३ च्या वेषात पुन्हा उमटले.

याची खात्री करण्याची रीत सोपी आहे आणि ती दोन टप्प्यांत करणे महत्त्वाचे आहे. संशयित मेम्ब्रेनची एक अरुंद पट्टी, एका पी५३-विहीन लेनच्या लांबीची, धारदार ब्लेडने उभी कापून घ्यावी आणि तिला पुन्हा स्ट्रिप करून नीट धुवावे. पहिल्या टप्प्यात तिच्यावर कोणतीही अँटिबॉडी न लावता फक्त ईसीएल (एचआरपीमुळे उजळणारे) द्रावण घालून प्रतिमा घ्यावी. इथे बँड दिसला तर जुन्या सेकंडरीवरील एचआरपी अजून जिवंत आहे. काही न दिसल्यास दुसऱ्या टप्प्यात फक्त सेकंडरी लावावी, नेहमीइतकेच धुवावे आणि पुन्हा ईसीएल घालावे. आमच्या पट्टीवर पहिल्या टप्प्यात काहीच आले नाही. दुसऱ्या टप्प्यात मात्र अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरला नेमक्या त्याच उंचीवर रेघ उजळली, आणि ही रेघ डीओ-१ ला बाजूला ठेवून आली होती, कारण त्या पट्टीला डीओ-१ कधी लागलीच नव्हती. ती राखीव म्हणून पहिल्या स्ट्रिपिंगनंतरच कापून ठेवलेली होती. अशी पट्टी राखून ठेवण्याची सवय असेल तर तपास एका दुपारीत संपतो. ती नसेल तर डीओ-१ लागलेल्या पट्टीवर ही चाचणी करताना उरलेली अँटिबॉडी कोणती हे त्यातून सांगता येणार नाही, हे लक्षात ठेवावे.

पुष्कळजण केवळ पहिला टप्पा करून थांबतात आणि ‘स्ट्रिपिंग पूर्ण झाले’ असे वहीत लिहितात. हे चुकीचे आहे. पहिला टप्पा एन्झाइम मेले आहे एवढेच सांगतो. प्रायमरी अँटिबॉडी गेली आहे हे सांगत नाही. सौम्य आम्लधर्मी ग्लायसिन बफरने स्ट्रिप केल्यावर ही फसगत विशेष होते. ६२.५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ६.८, २ टक्के एसडीएस आणि १०० मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल यांच्या बफरमध्ये ५० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवण्याची जुनी रीत अधिक कठोर आहे आणि फ्यूम हूडमध्येच करावी लागते, पण तिच्यात मेम्ब्रेनवरील प्रथिनेही थोडी थोडी निघून जातात. पी५३ सारखे मुळातच कमी असलेले प्रथिन शोधायचे असेल तर आधी ट्युब्युलिन पाहून मग कठोर स्ट्रिपिंग करणे हा उलटा क्रम झाला. दुर्मीळ प्रथिन आधी आणि मुबलक प्रथिन नंतर, हा क्रम मी आता कोणत्याही कारणाने मोडू देत नाही, कुपी यायची असेल तर मेम्ब्रेन थांबते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे या पट्ट्यात येणारा लोडिंग कंट्रोल वापरायचाच नाही. व्हिन्क्युलिन सुमारे ११७ किलोडाल्टनला धावते आणि जीएपीडीएच सुमारे ३६ ला, त्यामुळे पॉन्सो एस रंगाने लेन पाहून मेम्ब्रेन आडवी कापली तर मधल्या तुकड्यावर केवळ पी५३ आणि वरच्या किंवा खालच्या तुकड्यावर कंट्रोल असे स्ट्रिपिंगविना एकाच वेळी करता येते. कापण्यापूर्वी पॉन्सोची पूर्ण प्रतिमा जरूर जपावी, कारण तुकड्यांवरून नंतर कोणालाही पूर्ण चित्र दाखवता येत नाही. ज्यांच्याकडे ट्युब्युलिन लावलेल्या मेम्ब्रेनीच उरल्या आहेत त्यांच्यासाठी उपप्रकाराची युक्ती आहे. प्रचलित डीएम१ए ही ट्युब्युलिनची अँटिबॉडी आयजीजी-१ आहे आणि डीओ-१ आयजीजी-२ए. सेकंडरी म्हणून उंदराच्या फक्त आयजीजी-२ए ला ओळखणारी अँटिबॉडी घेतली तर उरलेले ट्युब्युलिन तिला दिसत नाही. आम्ही त्याच वादग्रस्त मेम्ब्रेनवर हे करून पाहिले तेव्हा एच१२९९ च्या दोन्ही लेन स्वच्छ निघाल्या आणि औषध न दिलेल्या एमसीएफ-७ मधील खरे पी५३ किती फिकट आहे हेही प्रथमच दिसले.

दुसरा प्रसंग इम्युनोप्रेसिपिटेशनचा, म्हणजे अँटिबॉडीच्या साहाय्याने नमुन्यातून एकच प्रथिन ओढून काढण्याचा होता. डीओ-१ मण्यांवर बांधून पी५३ ओढले, मणी उकळून जेलवर चढवले आणि पुन्हा डीओ-१ नेच ब्लॉट केला. पी५३-विहीन पेशींच्या लेनमध्ये ५० च्या किंचित वर एक प्रचंड, फुगलेला बँड आला आणि २५ च्या जागी दुसरा. ही जोडीच आपली ओळख सांगते: वरचा बँड आयजीजीच्या जड साखळीचा, खालचा हलक्या साखळीचा. मण्यांवरील अँटिबॉडी उकळताना सुटते आणि उंदराविरुद्धची सेकंडरी तिला थेट पकडते. अशा वेळी पी५३ त्या फुगीर बँडखाली असले तरी दिसत नाही आणि नसले तरी आहे असे वाटते. खात्रीसाठी त्याच लायसेटमध्ये पी५३ शी संबंध नसलेली आयजीजी-२ए वापरून समांतर इम्युनोप्रेसिपिटेशन करावे. बँड तसाच आला तर शंका उरत नाही. सुटकेचे मार्ग अनेक आहेत. अँटिबॉडी मण्यांना रासायनिक बंधाने पक्की करता येते, ब्लॉटसाठी एचआरपी थेट जोडलेली डीओ-१ वापरून सेकंडरीच टाळता येते, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी सेकंडरी घेता येते, ज्यामुळे गोंधळ २५ किलोडाल्टनपाशी सीमित राहतो. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात तपासण्याच्या गोष्टी कमी होतात. ओढण्यासाठी सशाची अँटिबॉडी आणि ब्लॉटसाठी उंदराची, असेही करता येते, मात्र उंदराविरुद्धची सेकंडरी सशाच्या आयजीजीवर शोषून शुद्ध केलेली असेल तरच.

उंदरात वाढवलेल्या मानवी गाठींचे नमुने तपासणाऱ्यांना हीच अडचण इम्युनोप्रेसिपिटेशन न करताही येते. डीओ-१ उंदराचे पी५३ ओळखत नाही हा तिचा मोठा फायदा, परंतु ऊतीतील रक्तात उंदराचे स्वतःचे आयजीजी असते आणि सेकंडरी ते सोडत नाही. अशा नमुन्यांत फक्त सेकंडरी लावलेली लेन प्रत्येक ब्लॉटवर असायलाच हवी.

आता त्या शक्यता, ज्यांत पी५३-विहीन लेनमध्ये खरोखरच पी५३ असते. एचटी-२९ किंवा ए४३१ सारख्या पेशींत आर२७३एच हे उत्परिवर्तन असलेले पी५३ मोडले न जाता साठत जाते, त्यामुळे त्यांचे प्रमाण इतके जास्त असते की लोड करताना जेलच्या खाचेतून (वेलमधून) शेजारी सांडलेला मायक्रोलिटरभर नमुनाही बँड म्हणून दिसू शकतो. एचईके२९३ पेशींतही अॅडिनोव्हायरसच्या ई१बी प्रथिनामुळे पी५३ टिकून राहते. तेव्हा पी५३-विहीन नमुना अशा पेशींच्या शेजारी कधीही ठेवू नये; जेलच्या टोकाला ठेवावा आणि मध्ये फक्त सॅम्पल बफरची एक लेन सोडावी. ती मधली लेन स्वच्छ आहे की नाही हे सांडण्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर देते. पेशींची ओळखही तपासावी. सेल लाइन एकमेकींत मिसळणे ही जगभरच्या प्रयोगशाळांची जुनी व्यथा आहे, आणि एच१२९९ च्या नावाने ठेवलेल्या कुपीत कोणीतरी पूर्वी पी५३ चे जनुक घातलेली उपशाखा असणे हेही अशक्य नाही. एसटीआर तपासणीने (डीएनएच्या ठशावरून पेशींची ओळख पटवण्याने) मिसळ कळते, पण घातलेले जनुक त्यातून कळत नाही. त्यासाठी पेशींना नटलिन द्यावे आणि पी२१ व एमडीएम२ वाढतात का ते पाहावे. पी५३ कार्यक्षम असेल तर ही दोन्ही वाढतात.

डीओ-१ चे प्रमाण गरजेपेक्षा जास्त असणे हे कारण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि अडकतात. अँटिबॉडी जास्त, एक्स्पोजर लांब आणि ब्लॉकिंग (मेम्ब्रेनवरील रिकाम्या जागा आधी झाकणे) अपुरे असेल तर कोणतीही चांगली अँटिबॉडी काही ना काही दाखवते. प्रायमरी निम्मी करत दोन-तीन पायऱ्या खाली यावे. खरा बँड आणि उपरा बँड सहसा एकाच वेगाने फिकट होत नाहीत. मात्र वरील सर्व तपासून झाल्यावरच याकडे यावे.

पी५३-विहीन लेन कोरी आल्यावरही एक सावधगिरी राहते. डीओ-१ ला बँड न दिसणे म्हणजे पी५३ नसणे असे नेहमीच नसते. तिची जागा सुरुवातीच्या टोकाला असल्यामुळे ते टोक नसलेले डेल्टा१३३पी५३ सारखे लहान प्रकार तिला दिसत नाहीत, आणि त्याच जागेतील २० व्या सेरिनवर फॉस्फेट बसल्यास तिची पकड सैल होते. डीएनएला इजा केल्यावर नेमके हेच घडत असते, म्हणून किरणोत्सर्ग किंवा तत्सम प्रयोगांत शेवटच्या टोकाला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी सोबत वापरावी. जनुकसंपादनाने तयार केलेल्या पेशींत कापलेली जागा सुरुवातीलाच असेल तर डीओ-१ ची लेन स्वच्छ दिसते आणि तरीही पुढचा तुकडा तयार होत असू शकतो. हेला पेशींत पी५३ जवळजवळ न दिसणे मात्र स्वाभाविक आहे, कारण तिथे एचपीव्ही-१८ या विषाणूचे ई६ प्रथिन त्याला मोडीत काढते. ती जनुकीयदृष्ट्या पी५३-विहीन लेन नव्हे. २०१६ साली अँटिबॉडींच्या पडताळणीसाठी जे पाच मार्ग आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले, त्यांतही जनुक काढलेल्या किंवा दाबलेल्या पेशींशी तुलना आणि वेगळी जागा ओळखणाऱ्या स्वतंत्र अँटिबॉडीशी तुलना हे दोन मार्ग वेगवेगळे मोजले आहेत, ते याच कारणाने.

या तक्रारीबाबत कोणाला मदत मागायची असेल तर प्रश्नासोबत पुढील माहिती द्यावी: न कापलेल्या ब्लॉटची मार्करसह प्रतिमा, मेम्ब्रेनवर आजवर लागलेल्या सर्व अँटिबॉडी त्यांच्या क्रमाने, प्रत्येकीचा प्राणी आणि उपप्रकार, सेकंडरी कशाविरुद्ध आहे आणि ती कशावर शोषून शुद्ध केली आहे, स्ट्रिपिंग केले असल्यास कोणत्या बफरने, आणि फक्त सेकंडरी लावलेल्या पट्टीची प्रतिमा त्याच एक्स्पोजरला घेतलेली. आमची ती पहिली कुपी, जी फेकून द्यायचे जवळजवळ ठरले होते, तिने नंतर नव्या मेम्ब्रेनवर एच१२९९ च्या दोन्ही लेन कोऱ्या दाखवल्या आणि ती संपेपर्यंत आम्ही तीच वापरली.